न दुखणारी जखम

शाळेत जाताना तुमच्या बुटात हरभऱ्याएवढा खडा शिरला, तर तुम्ही किती पावले चालाल? फार तर दहा-बारा. मग रस्त्याच्या कडेला एका पायावर उभे राहाल, बूट काढून झटकाल आणि पुढे जाल. या साध्या कृतीमागे शरीराची केवढी तरी यंत्रणा राबत असते. तळव्याच्या त्वचेतील संवेदक वाढलेला दाब ओळखतात. त्यांचा संदेश मज्जातंतूंतून सुमारे मीटरभर प्रवास करून पाठीच्या कण्यापर्यंत आणि तेथून मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदू म्हणतो, 'थांब!' आता अशी कल्पना करा, की ही यंत्रणा बंद पडली आहे. खडा बुटातच आहे, पण तो कळत नाही. माणूस त्यावरून दिवसभर चालतो. संध्याकाळी मोजा रक्ताने भिजलेला दिसतो, तेव्हा कोठे पत्ता लागतो.

मधुमेहाच्या अनेक रोग्यांच्या बाबतीत हे खरोखरच घडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. जगभरच्या अभ्यासांवरून असा अंदाज बांधला जातो, की मधुमेह असलेल्या दर तीन ते पाच माणसांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाला चिघळणारी जखम होते. तिला व्रण म्हणतात. मधुमेहामुळे ज्यांचा पाय कापावा लागतो, त्यांतील बहुतेकांच्या दुखण्याची सुरुवात अशाच एखाद्या रुपयाएवढ्या व्रणापासून झालेली असते. तुमच्या घरात नाही तर शेजारी, कोणा आजी-आजोबांना, काकांना किंवा मावशीला मधुमेह असणारच. तेव्हा हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने वैद्यकाच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. कारण असे, की या व्रणावरचा सर्वांत महत्त्वाचा उपाय मलमाच्या नळीत सापडत नाही. तो तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील एका छोट्या समीकरणात दडलेला आहे : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ.

दाबाचे गणित

प्रथम एक प्रयोग करा. फरशीवर आलेख कागद ठेवा, तळवा ओला करा आणि कागदावर पाय ठेवून एका पायावर क्षणभर उभे राहा. पाय उचलल्यावर ओल्या ठशाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून घ्या आणि आतील चौरस मोजा. प्रौढ माणसाच्या तळव्याचा जमिनीला टेकणारा भाग साधारणपणे १०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. (तुमचा थोडा कमी भरेल. ज्यांच्या तळव्याला कमान नसते, त्यांचा जास्त.)

६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन सुमारे ६०० न्यूटन. तो दोन्ही पायांवर स्वस्थ उभा असेल, तर हे बल २०० चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे ०.०२ चौरस मीटरवर वाटले जाते. भागाकार केला की ३० किलोपास्कल उत्तर येते. आकडा लहान वाटतो. पण तो कशाशी ताडून पाहायचा हे महत्त्वाचे आहे. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ यूजीन लँडिस यांनी १९३० साली माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म नळी घालून रक्ताचा दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो पाऱ्याच्या ३२ मिलिमीटर उंचीइतका, म्हणजे साधारण ४.३ किलोपास्कल भरला. उभ्या माणसाच्या पायात हृदयापासून खाली सव्वा मीटर रक्ताचा स्तंभ असतो. त्याचा दाब मिळवला तरी एकूण फार तर १७ किलोपास्कलपर्यंत जाईल. म्हणजे नुसते उभे राहिल्यानेही तळव्यातील केशवाहिन्या चिमटल्या जाण्याची वेळ येते. प्रार्थनेच्या वेळी रांगेत उभे असताना तुम्ही नकळत कधी या पायावर तर कधी त्या पायावर भार टाकता, ते उगीच नव्हे. रक्त अडलेला भाग तक्रार करतो आणि शरीर ती ऐकते.

आता तोच माणूस चालू लागला. मागच्या पायाची टाच उचलली जाते त्या क्षणी सारा भार त्या एका पायाच्या चवड्यावर आणि बोटांवर येतो. शिवाय शरीर पुढे ढकलायचे असल्यामुळे बल वजनापेक्षाही थोडे वाढते. ते ७०० न्यूटन धरू. क्षेत्रफळ मात्र उरते ४० चौरस सेंटिमीटर. दाब झाला १७५ किलोपास्कल. निरोगी पायात तो चवड्यावर बऱ्यापैकी सारखा पसरतो, कारण हाडांच्या टोकांखाली चरबीची मऊ गादी असते.

मधुमेहात ही वाटणी बिघडते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा होते. सर्वांत लांब मज्जातंतू पायाच्या बोटांकडे जाणारे, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. काहींना आधी मुंग्या येतात, आग होते. काहींना काहीच होत नाही आणि संवेदना चोरपावलांनी निघून जाते. त्याच वेळी पावलातील लहान स्नायूंचे मज्जातंतूही दुबळे होतात. मग बोटे पक्ष्याच्या नख्यांसारखी आकडतात, चवड्यातील हाडांची टोके खाली येतात आणि चरबीची गादी पुढे सरकते. घाम आणणारे तंतू निकामी झाल्याने कातडी कोरडी पडते, तिला भेगा जातात. सांधेही ताठर होतात.

समजा, आता एका हाडाच्या टोकाखालील ४ चौरस सेंटिमीटर जागेवर एकूण बलाचा चौथा हिस्सा आला. १७५ न्यूटन भागिले ०.०००४ चौरस मीटर. उत्तर सुमारे ४४० किलोपास्कल! मोटारीच्या चाकात हवा भरतात ती साधारण २०० ते २२० किलोपास्कल दाबाने. त्याच्या दुप्पट दाब नाण्याएवढ्या कातडीवर प्रत्येक पावलागणिक येतो. दिवसाला सहा हजार पावले चालणाऱ्या माणसाचा प्रत्येक पाय तीन हजार वेळा टेकतो. कातडी आपल्या परीने बचाव करते, त्या जागी जाड घट्टा तयार करते. पण घट्टा म्हणजे बुटाला आतून चिकटलेला खडाच. तो नीट तासून काढला, तर त्या जागेवरचा दाब सुमारे चौथा हिस्सा उतरतो, असे मोजून पाहिलेले आहे. घट्टा तसाच राहिला, तर त्याच्या खाली रक्त साकळते आणि एके दिवशी तेथे भोक दिसते. दुखत मात्र नाही.

वेल्लोरचे डॉक्टर

हे कोडे उलगडले ते मधुमेहाच्या नव्हे, कुष्ठरोगाच्या अभ्यासातून आणि तेही आपल्या देशात. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात एका मिशनरी कुटुंबात झाला. इंग्लंडमध्ये शस्त्रवैद्य होऊन ते १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडतात, त्यांचे मांस नासकेच असते आणि म्हणून त्यांच्या जखमा भरत नाहीत, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. डॉक्टरांचाही.

एकदा ब्रँड यांना एक गंजलेले कुलूप उघडेना. जवळच उभ्या असलेल्या एका रोगी मुलाने किल्ली फिरवून ते सहज उघडले. एवढ्याशा पोराच्या हातात ही ताकद आली कोठून? ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला, तर बोट हाडापर्यंत कापले होते आणि मुलाला त्याची दादही नव्हती. ताकद त्याच्याकडे जास्त नव्हती. थांबायला सांगणारी वेदना नव्हती. तुम्ही-आम्ही किल्ली फिरवताना बोटाला कळ लागताच जोर सोडून देतो. हा मुलगा कसा सोडणार?

तेव्हापासून ब्रँड आणि त्यांचे सहकारी प्रत्येक जखमेचे कारण हुडकू लागले. कोणी चुलीतून उकरलेला बटाटा हाताने उचललेला असे, कोणाच्या चपलेतून खिळा वर आलेला असे. कारण दूर करून जखमेला विसावा दिला की ती इतर कोणाच्याही जखमेसारखी भरून येई. मांस चांगले होते. पहारेकरी तेवढा गेला होता.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील सरकारी कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे त्यांना मधुमेहाच्या रोग्यांचे पाय पाहायला मिळाले आणि वेल्लोरला पाहिलेलेच चित्र पुन्हा समोर आले. त्यांनी दाबाने होणाऱ्या इजांची केलेली विभागणी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडावी अशी आहे. पहिला प्रकार प्रचंड दाबाचा : खिळा किंवा काच एकाच क्षणात कातडी फाडते. दुसरा अगदी थोड्या दाबाचा, पण तो तासन्‌तास टिकणारा : अरुंद बूट करंगळीच्या कडेला रक्त अडवून धरतो आणि तेवढा भाग मरतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. मध्यम दाब, एकदा आला तर काहीही न करणारा, पण तोच हजारो वेळा आला की आतील पेशी सुजतात आणि अखेर फुटतात. उंदरांच्या पंजांवर यंत्राने असा दाब पुन:पुन्हा देऊन त्यांनी हे दाखवून दिले. निरोगी माणूस लांब चालला की त्याची चाल हळूहळू बदलते, तो दुखऱ्या जागेवरचा भार दुसरीकडे सरकवतो. बधिर पायाचा माणूस पहिले पाऊल जसे टाकतो, तसेच तीनहजारावेही टाकतो.

वाकणारा दोरा

पाय बधिर झाला आहे हे ओळखायचे कसे? रोग्याला विचारून भागत नाही. जे जाणवत नाही ते नाहीसे झाले आहे हे त्याला कोठून कळावे? यासाठी डॉक्टरांकडे एक अगदी स्वस्त उपकरण असते : दांड्याला बसवलेला नायलॉनचा एक आखूड, ताठ दोरा. रोग्याने डोळे मिटायचे, डॉक्टरांनी दोऱ्याचे टोक तळव्यावर उभे टेकवून दोरा वाकेपर्यंत दाबायचे आणि रोग्याने स्पर्श कळला की सांगायचे. एवढीच तपासणी.

यातील खुबी पाहा. कोणी डॉक्टर हळू दाबील, कोणी जोरात. मग तपासणी सारखी कशी होणार? उत्तर १७४४ साली ऑयलर या गणितज्ञाने देऊन ठेवले आहे. बारीक उभ्या काठीवर भार वाढवत गेले, तर एका ठराविक भाराला ती एकाएकी बाकदार होते. हा भार काठीच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एकदा वाकली, की तुम्ही हात आणखी खाली नेला तरी बल फारसे वाढत नाही, फक्त वाक वाढतो. म्हणजे जाडी आणि लांबी ठरली की बल ठरले, हात कोणाचाही असो. पायासाठी वापरायचा दोरा १० ग्रॅम वजनाइतक्या बलाला वाकतो. तो कळला नाही, तर पायाचे संरक्षण गेले असे समजतात. अशा तपासणीसाठी १८९६ च्या सुमारास माक्स फॉन फ्राय यांनी केस वापरले होते. १९६० साली जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी त्यांच्या जागी नायलॉन आणले.

मासे पकडायच्या गळाच्या नायलॉन दोरीचा चार-पाच सेंटिमीटरचा सरळ तुकडा घेऊन तो स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर उभा दाबून पाहा. आकडा चढत जातो आणि दोरी वाकताच थबकतो. लांबी अर्धी करा. आकडा साधारण चौपट होतो का ते पाहा. मात्र या दोरीने कोणाचा पाय तपासू नका.

घरी करता येईल अशी एक वेगळी, सोपी तपासणी आहे. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी ती २०११ साली मांडली. आजोबांना निजवून डोळे मिटायला सांगा. त्यांच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशा सहा ठिकाणी आपल्या बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबायचे नाही, टिचकी मारायची नाही. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय डॉक्टरांना दाखवायला हवेत.

प्लॅस्टरचा चमत्कार, की यंत्रशास्त्र?

आता मुख्य प्रश्न. चवड्याखाली व्रण झाला आहे, रोज ड्रेसिंग होते, औषध चालू आहे, साखरही ताब्यात आहे. तरी महिनेच्या महिने तो भरत नाही. घरचे म्हणतात, 'मधुमेहाची जखम, ती कसली भरते!' पण रोगी काय करीत असतो? ड्रेसिंग झाले की त्याच पायावर चालत घरी जातो. दुखत नाही ना! प्रत्येक पावलाला ४४० किलोपास्कलचा हातोडा त्या जखमेवर पडतो. कोवळ्या नव्या पेशी रात्री वाढतात आणि दिवसा चिरडल्या जातात.

यावरचा उपाय प्रथम ऐकला की विचित्र वाटतो. जखम साफ करायची, मेलेली कातडी आणि घट्टा काढून टाकायचा, छोटी पट्टी लावायची आणि बोटांपासून गुडघ्याच्या खालपर्यंत पायाला घट्ट बसणारे प्लॅस्टर घालून रोग्याला चालू द्यायचे. उघडी जखम आठवडाभर बंद! १९३० च्या दशकात भारतात आणि तेव्हाच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, काही डॉक्टरांनी कुष्ठरोग्यांसाठी ही युक्ती वापरली होती. ब्रँड यांनी ती उचलली, अमेरिकेत नेली आणि मधुमेह्यांसाठी रूढ केली.

मोडलेल्या हाडाच्या प्लॅस्टरात कापसाचा जाड थर असतो. याच्यात तो जवळजवळ नसतो. प्लॅस्टर तळव्याच्या प्रत्येक उंचसखल भागाला चिकटून बसते. त्यामुळे कमानीखालील जी जागा एरवी जमिनीला टेकतच नव्हती, तीही भार घेऊ लागते. क्षेत्रफळ वाढले, दाब उतरला. दुसरी गोष्ट, आपली पोटरी वर रुंद आणि घोट्याकडे निमुळती असते. नरसाळ्यात गाजर खोचले तर ते कडांवरच अडते, तसा पाय प्लॅस्टरच्या भिंतींवर अडतो. एकूण भारापैकी सुमारे ३० टक्के भार अशा रीतीने तळव्याला न शिवता भिंतींतून थेट जमिनीकडे जातो, असे मोजमापांत आढळले आहे. तिसरे, घोटा हलत नसल्याने चवड्यावर जोर देऊन शरीर ढकलणेच बंद होते, पावले आखूड पडतात आणि कातडीवरचे घर्षणही थांबते. पाय बांधून ठेवल्याने सूज उतरते हा आणखी एक फायदा. सूज उतरली की प्लॅस्टर सैल होते आणि सैल प्लॅस्टर आतून घासते. म्हणून पहिले दोन-तीन दिवसांतच बदलतात, पुढची आठवड्या-दोन आठवड्यांनी.

परिणाम? १९८९ साली अमेरिकेत एक तुलना प्रसिद्ध झाली. २१ रोग्यांना प्लॅस्टर घातले, त्यांतील १९ जणांचे व्रण सरासरी सहा आठवड्यांत भरले. दुसऱ्या गटातील १९ जणांना नेहमीचे ड्रेसिंग केले आणि पायावर भार देऊ नका असे बजावले. त्यांतील फक्त ६ जण बरे झाले. औषधात नावाजण्याजोगा फरक नव्हता. फरक होता तो पायाखालच्या दाबात.

प्लॅस्टर घालायला सरावलेला हात लागतो. चुकीचे घातले तर त्यानेच नवी जखम होते. म्हणून पुढे काढता-घालता येणारे गुडघाभर उंचीचे बूट निघाले. प्रयोगशाळेत मोजले तर त्यांनीही दाब जवळजवळ तितकाच उतरे. पण जखमा मात्र तेवढ्या भरेनात. गंमत २००३ साली उघड झाली. संशोधकांनी एक पाऊलमापक रोग्याच्या कमरेला दिला आणि दुसरा गुपचूप बुटात बसवला. दोन्हींचे आकडे ताडले, तेव्हा दिवसभरातील पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावले बूट घालून टाकलेली निघाली. बाकीची, 'आता काय, मोरीपर्यंतच तर जायचे' अशा हिशेबाने म्हणा, बुटाशिवाय!

त्या रोग्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. ब्रँड यांनी एकेकाळी कृत्रिम वेदना तयार करण्याचा खटाटोप केला होता. हातमोज्यात आणि मोज्यात दाबमापक बसवले, दाब वाढला की कानाशी आवाज होई. रोगी तो आवाज ऐकत आणि काम तसेच पुढे चालू ठेवत. मग विजेचा सौम्य झटका देऊन पाहिला. तेव्हा अवघड काम करायचे असले की ते आधी यंत्र बंद करीत, काम उरकीत आणि पुन्हा चालू करीत. खऱ्या वेदनेला असे बटण नसते. बुद्धीला पटलेला धोका आणि पायाला झोंबलेला धोका यांत फार अंतर आहे. आपण निरोगी माणसेही पहिल्याला कितीदा जुमानतो?

म्हणून २००५ साली काही डॉक्टरांनी तोच काढता येणारा बूट घेतला आणि त्यावरून पट्टीचे वेढे दिले, म्हणजे तो घरी निघू नये. बूट तोच, दाब तोच. बारा आठवड्यांत बंद बूटवाल्यांपैकी सुमारे ८३ टक्क्यांचे व्रण भरले, मोकळा बूटवाल्यांपैकी सुमारे ५२ टक्क्यांचे. चवड्याखालच्या अशा व्रणासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची आजही पहिली शिफारस न काढता येणाऱ्या गुडघाभर उंचीच्या साधनाचीच आहे. जेथे तेही जमत नाही, तेथे जाड फेल्टच्या तुकड्याला जखमेपुरते भोक पाडून तो तळव्याला चिकटवतात. वाईट उपाय नाही, पण फेल्ट चेपत जाते आणि वारंवार बदलावे लागते.

मात्र प्लॅस्टर सर्वांना चालत नाही. जखमेत जंतूंनी घर केले असेल, पू असेल, हाडापर्यंत लागण गेली असेल, तर आधी तिचा बंदोबस्त हवा. पायाला रक्तच पुरेसे पोचत नसेल, तर भार काढूनही जखम भरणार नाही; विटाच आल्या नाहीत तर गवंडी काय बांधणार? त्यासाठी घोट्यातील रक्तदाब भागिले दंडातील रक्तदाब असे गुणोत्तर काढतात. घोट्याची नाडी बोटांना लागत नाही, तेव्हा श्राव्यातीत ध्वनी वाहत्या रक्तावरून परावर्तित होताना त्याची वारंवारता बदलते, या डॉप्लर परिणामाचा उपयोग करतात. गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आले, तर धमनी अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा. मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साचून ती कडक होते, पट्ट्याने दाबली जात नाही आणि गुणोत्तर खोटेच मोठे येते. अशा वेळी अंगठ्यातील दाब मोजतात. अडलेली धमनी फुग्याने रुंद करता येते किंवा तिला वळसा घालून दुसरी वाट देता येते.

जखमेवरची हवा खेचून घेणारे पंप आणि प्राणवायूने भरलेल्या दाबकोठड्या यांची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. काही विशिष्ट जखमांत त्यांचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण पायाखालचा दाब न उतरवता त्यांच्यावर पैसा ओतणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

भरल्यानंतर

व्रण भरला म्हणजे पाय पूर्ववत झाला असे नाही. बधिरपणा तसाच असतो, हाडे तशीच असतात. भरलेल्या व्रणांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. म्हणून खरी लढाई येथून पुढे आणि ती चपलेची. वेल्लोरला कुष्ठरोग्यांसाठी सूक्ष्म छिद्रे असलेल्या रबराच्या चपला बनवल्या जाऊ लागल्या. या रबरात हवेचे असंख्य बारीक बंद कप्पे असतात. त्याचा मऊ थर आत आणि काटा न शिरणारा कडक थर खाली. आज मधुमेह्यांसाठीही याच रबराच्या चपला मिळतात. नुसता अंगठा असलेली वहाण किंवा दोन बोटांत पट्टा धरायची रबरी चप्पल त्यांच्या कामाची नाही. ती पायात टिकवायला बोटांनी धरून ठेवावी लागते, पट्टा घासतो आणि पायातून निसटली तरी कळत नाही. टाचेमागे पट्टा हवा, टोक रुंद हवे आणि खिळे मुळीच नकोत. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड आणणारे रोगी डॉक्टरांना दरवर्षी भेटतात. गरम पाण्याने पाय शेकणे, कुरूप ब्लेडने कापणे, त्यावर कातडी जाळणारी पट्टी चिकटवणे, हेही घरोघरी चालते.

दाबाची इजा कातडी फुटण्याआधी आठवडाभर तरी ओळखता आली तर? येथे पुन्हा भौतिकशास्त्र मदतीला येते. पेशींना सूज आली की तेथे रक्त जास्त येते आणि जागा गरम होते. ब्रँड नुसत्या हाताने चाचपून अशा गरम जागा शोधीत. पुढे कातडीला टेकवायचे आणि अवरक्त किरणांवर चालणारे तापमापक आले. दोन्ही तळव्यांवरच्या सारख्याच जागांची तापमाने रोज ताडून पाहायची. फरक २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त आला आणि दुसऱ्या दिवशीही टिकला, तर चालणे कमी करायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. अशी मोजणी नेमाने करणाऱ्यांना नवे व्रण कमी झाले, असे २००४ नंतरच्या काही अभ्यासांत आढळले.

तापमापक नसला तरी डोळे आहेत. अडचण अशी, की ज्यांना याची सर्वांत जास्त गरज असते, त्या वयस्कर माणसांना वाकता येत नाही आणि मधुमेहाने नजरही अधू झालेली असते. तुमची नजर मात्र चांगली आहे. रात्री आजीच्या पायांशी बसून उजेडात तळवे पाहा. घट्टा, लाल डाग, बोटांच्या बेचक्यातली ओल, टाचेची भेग. चप्पल उलटी करून खिळा वर आला आहे का तेही पाहा आणि बुटात हात घालून चाचपा. चपला नव्या असतील, तर पहिल्या दिवशी तासाभरानेच त्या काढायला सांगून पाय बघा. एखाद्या जागी लाली दिसली आणि वीस मिनिटांनीही ती गेली नाही, तर 'दुखत नाही ग, राहू दे' असे आजी म्हणाली तरी त्या चपला परत करा.